पवनेचे पाणी आणि पवनेकाठची मुले

पवना धरणाच्या काठी गेल्या दहा-पंधरा वर्षांत तंबूंची जी रांग उभी राहिली आहे, तिच्याविषयी पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात दोन परस्परविरोधी मते आढळतात. एका मताप्रमाणे हे तंबू म्हणजे बेकारीने गांजलेल्या मावळातील तरुणांना लाभलेला रोजगार होय. दुसऱ्या मताप्रमाणे ते ध्वनिवर्धक, मद्य आणि उकिरडे यांचे आगर असून सरकारने ते तत्काळ उठवले पाहिजेत. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. परंतु या वादात एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाही. सुमारे साडेआठ अब्ज घनफूट उपयुक्त साठ्याचे हे विस्तीर्ण पाणी काठावरच्या आणि शहरातल्या मुलांना काही शिकवू शकेल काय? की त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढून घेणे, एवढाच त्याचा आणि आपला संबंध उरणार आहे?

हा प्रश्न विचारण्यास लोहगडवाडीइतकी योग्य जागा दुसरी नाही. गडाच्या पायथ्याशी, डोंगराच्या खांद्यावर ही वाडी वसली आहे. जुलै २०२५ मध्ये ‘युनेस्को’ने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत लोहगड आहे आणि तेव्हापासून गणेश दरवाजाकडे निघालेल्या पावलांना वाडीचे आतिथ्य अधिकच लागते. गडाच्या विंचूकाट्यावर उभे राहिले म्हणजे खाली पवनेचा जलाशय पसरलेला दिसतो आणि त्यापलीकडे तुंग व तिकोना. वाडीतले मूल हे पाणी जन्मापासून पाहते. तथापि पाणी पाहणे आणि पाणी ओळखणे यांत फार अंतर आहे. पूर्वी मावळातली पोरे गावच्या विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहायला शिकत. शिकवणारा चुलता किंवा थोरला भाऊ काठावर उभा असे आणि भोपळा केव्हा सोडायचा हे तोच ठरवी. आता विहिरींवर पंप बसले, चुलते नोकरीसाठी चाकण-तळेगावला गेले आणि भोपळ्याची जागा कशानेच घेतली नाही.

परिणाम सर्वांसमोर आहे. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राच्या नोंदीप्रमाणे एकट्या २०२२ साली देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मरण पावली. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील ओढ्यात एका कुटुंबातील एक स्त्री आणि चार मुले वाहून गेली. प्रवाहात एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या कुटुंबाचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले. त्याच वर्षी डिसेंबरात सहलीस आलेले दोन तरुण पवनेत बुडाले. अशा वेळी ‘शिवदुर्ग मित्र’ आणि ‘वन्यजीव रक्षक मावळ’ या संस्थांचे कार्यकर्ते आपली कामे टाकून धावतात आणि बहुतेकदा त्यांच्या वाट्याला येते ते प्रेत शोधण्याचेच काम. स्वयंसेवकांचे हे ऋण समाजाने मानले पाहिजे, परंतु प्रेते काढण्याची व्यवस्था चांगली असणे ही काही जलसुरक्षा नव्हे.

शासनाचा उपाय ठरलेला आहे: मनाई. पावसाळा आला की जिल्हाधिकारी आदेश काढतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ कलमाखाली आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ कलमाखाली. पाण्यात उतरू नये, धबधब्याखाली बसू नये, अमुक वाजल्यानंतर थांबू नये. पुराच्या दिवसांत अशी मनाई आवश्यकच असते आणि तिची टिंगल करण्याचे कारण नाही. मात्र बंदीने माणूस त्या दिवसापुरता पाण्यापासून दूर राहतो; त्याला पोहता येऊ लागत नाही. पुढच्या वर्षी, दुसऱ्या तळ्यावर, पोलीस नसलेल्या वळणावर तो पुन्हा तितकाच अडाणी असतो.

बांगलादेशाने वेगळी वाट धरली. तेथे खेड्यापाड्यांतील तळ्यांत बांबूचे मचाण बांधून, गावातल्याच तरुण-तरुणींना प्रशिक्षक करून, चार वर्षांवरील मुलांना तरंगणे, थोडे अंतर पोहणे आणि दुसऱ्याला काठावरून मदत करणे एवढेच शिकवले गेले. अशा शिक्षणाने मुलांच्या बुडण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे तेथील अभ्यासातून दिसले. हे काम संगमरवरी तरणतलावांत झाले नाही. ते बांबू, दोर आणि हजेरीपट यांच्या बळावर झाले, ही गोष्ट जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी विचार करताना विसरता कामा नये.

म्हणूनच पवनेच्या काठी उन्हाळ्याच्या सुटीत मुलांची छोटी निवासी जलक्रीडा शिबिरे व्हावीत, असे सुचवावेसे वाटते. तीन रात्रींची, वीस-पंचवीस मुलांची. शिबीर ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून आणि त्याआधी बालवीर चळवळीने तंबूत राहण्याची, पाळीने स्वयंपाक करण्याची गोडी अनेक पिढ्यांना लावली. बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टात ब्राउनसी बेटावर जे पहिले शिबीर भरवले, त्यात अवघी वीसेक मुले होती आणि ती चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूमीवर राहिली होती. पुढे ती चळवळ जगभर पसरली, पण तिचा आरंभ एका माणसाला सर्व मुलांची नावे पाठ असतील एवढ्याच संख्येने झाला.

संख्येचा हा मुद्दा वरवर वाटतो तितका किरकोळ नाही. पाण्यावरचे शिबीर चालवणे म्हणजे मुख्यतः मोजणे होय. पाण्यात उतरताना किती होते, बाहेर आले तेव्हा किती आहेत, हा एकच प्रश्न दिवसातून पन्नास वेळा विचारावा लागतो आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर अंदाजाने नव्हे तर आकड्याने द्यावे लागते. कोळशाच्या खाणीत उतरणारा कामगार आपला बिल्ला फळीवर टांगून उतरतो व वर आल्यावर काढून घेतो. चांगल्या जलशिबिरात नेमकी हीच पद्धत असते. काठावर एक फळी, तिच्यावर प्रत्येक मुलाच्या नावाचा बिल्ला. पाण्यात जाताना तो उलटा करायचा, बाहेर आल्यावर सुलटा. शिवाय प्रत्येक मुलाला एक जोडीदार. दर दहा मिनिटांनी शिट्टी झाली की जोडीदारांनी हात धरून वर करायचे. ज्याचा हात एकटाच वर आला, त्याच्यासाठी सारे पाणी तत्क्षणी रिकामे करायचे. ज्या कारकुनी काटेकोरपणाची आपल्याकडे सदैव चेष्टा होते, तो येथे शब्दशः प्राणदायी ठरतो. शाळामास्तर आणि कारकून या दोन वर्गांतून उत्तम शिबिरप्रमुख निघतील, असे आम्हांस वाटते ते याचमुळे. बलदंड बाहू असलेला पट्टीचा पोहणारा हवाच, पण फळीजवळ बसणारा माणूस त्याच्याहून महत्त्वाचा.

पाच मुलांमागे एक प्रशिक्षक आणि काठावर सदैव सज्ज असलेली एक बचाव-नौका, याहून कमी व्यवस्थेत मुलांना पाण्यात उतरवू नये. ही नौका यांत्रिक असावी; बाकी सर्व होड्या वल्ह्याच्या किंवा शिडाच्या. याचे कारण केवळ शांतता नव्हे. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडच्या लाखो लोकांच्या पोटात जाते. त्यावर तेल सांडणाऱ्या नौकांची शर्यत लावणे हा अविचार आहे. वल्ह्याने नाव चालवणारे मूल वारा, लाट आणि स्वतःच्या खांद्यांचे बळ या तिन्ही गोष्टी एकाच सकाळी शिकते, तर यंत्रनौकेत बसलेले मूल केवळ किंचाळते.

कयाक नावाची एका माणसाची चिंचोळी होडी अशा शिबिरात उपयोगी पडते. तिचा पहिला धडा ती चालवण्याचा नसून उलटवण्याचा असतो. काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात, प्रशिक्षकाच्या हाताशी होडी मुद्दाम पालथी करायची, बाहेर निघायचे, होडी सोडायची नाही आणि वल्हे हातचे जाऊ द्यायचे नाही. हा धडा तीनदा गिरवलेल्या मुलाच्या मनातून उलटण्याची भीती जाते. न गिरवलेले मूल खोल पाण्यात प्रथमच उलटते तेव्हा जॅकेट असूनही घाबरून गुदमरते. जॅकेटविषयी तर आपल्याकडे विलक्षण भाबडेपणा आहे. अंगात आहे म्हणजे बांधले आहे असे समजले जाते. मोठ्या माणसाचे ढगळ जॅकेट लहान मुलाला घातले तर पाण्यात जॅकेट वर राहते आणि मूल खाली घसरते. मापाचे जॅकेट, सर्व पट्टे आवळलेले, लहान मुलांना मांड्यांमधून जाणारा पट्टासुद्धा. आणि हंगामाच्या आरंभी प्रत्येक जॅकेट वजन बांधून पाण्यात टाकून पाहायचे. उन्हात विटलेले, आतला फेस दबलेले जॅकेट निमूटपणे बाद करायचे. यात खर्च आहे, पण काटकसर करण्याची ही जागा नव्हे.

१८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. त्यापूर्वी १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले होते. दोन्ही दुर्घटनांनंतर चौकश्या झाल्या आणि परिपत्रके निघाली. शाळांनी त्यांतून एकच बोध घेतला: सहल नेऊच नये. मुख्याध्यापकांना दोष देता येत नाही. जबाबदारी सारी त्यांच्या शिरावर आणि साधन एकही हाती नाही, अशा स्थितीत कोणीही असेच वागेल.

इंग्लंडमध्ये असाच प्रसंग ओढवला होता. २२ मार्च १९९३ रोजी प्लिमथच्या एका शाळेची आठ मुले एक शिक्षक व दोन प्रशिक्षक यांच्यासह लाइम उपसागरात कयाक घेऊन निघाली. वारा वाढला, होड्यांत पाणी शिरले, प्रशिक्षकांजवळ मदत मागण्याचे साधन नव्हते आणि काठावरून शोध सुरू होण्यास तास उलटले. चार मुले दगावली. त्याच केंद्रातील आधीच्या दोन प्रशिक्षकांनी, येथील व्यवस्था अपुरी आहे, असे संचालकास लेखी कळवले होते, हे चौकशीत उघड झाले. संचालकास तुरुंगवास झाला आणि १९९५ साली तेथील संसदेने मुलांच्या साहसकेंद्रांसाठी स्वतंत्र कायदा केला. साहस बंद झाले नाही. ते परवान्याखाली, तपासणीखाली आले आणि मुले पाण्यात जात राहिली.

महाराष्ट्रानेही ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमीन, पाणी व हवा या तिन्हींवरील उपक्रमांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, प्रशिक्षित मनुष्यबळ, सुरक्षासाधने या गोष्टी त्यात आल्या. धोरण वाचताना बरे वाटते. परंतु नोंदणीचा कागद भिंतीवर लावणे निराळे आणि मे महिन्यातल्या एखाद्या पहाटे तपासनीसाने न कळवता काठावर येऊन फळीवरचे बिल्ले मोजणे निराळे.

मे महिन्याचा उल्लेख आला म्हणून पवनेच्या स्वभावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. उन्हाळ्यात पाणी उतरते. एरवी बुडालेले वाघेश्वराचे प्राचीन मंदिर वर येते. त्याबरोबर गाळ, जुन्या बांधांचे दगड आणि झाडांचे खुंटही वर येतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाण्याखाली वीतभर राहतात. धरणाचा काठ नदीच्या वाळवंटासारखा उतरत जात नाही. दोन पावले गुडघाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला पुरुषभर, असे घडते. त्यामुळे शिबिराची जागा पाणी उतरल्यावर पायी हिंडून निवडावी, बांबू रोवून हद्द आखावी आणि हंगामात पाणी जसजसे मागे जाईल तसतशी ती पुन्हा आखावी. सकाळी जलाशय आरशासारखा असतो. दुपारी घाटावरून पश्चिमेचा वारा उतरतो आणि हलक्या होड्या काठापासून दूर लोटल्या जातात. मेच्या उत्तरार्धात वळवाची वीज असते. तेव्हा पाण्यावरचे सारे काम सकाळी साडेसहा ते दहा एवढ्यातच आटोपावे, हे उत्तम. दुपार गाठी मारण्यास, नकाशा वाचण्यास आणि प्रथमोपचारास द्यावी. एके दिवशी पहाटे लोहगड चढून गडावरचे सोळाकोनी तळे दाखवावे. शेकडो माणसांच्या शिबंदीला डोंगरमाथ्यावर पाणी कसे पुरवले जाई, हे पाहिलेले मूल खालच्या धरणाकडे निराळ्या नजरेने पाहील.

प्रथमोपचारात दोन गोष्टी मुलांच्या मनावर बिंबवण्याजोग्या आहेत. बुडणाऱ्यामागे उडी घ्यायची नाही. आपल्याकडील बातम्या वाचल्या तर एक घसरतो आणि त्याला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडतात, असेच पुनःपुन्हा दिसते. काठावरून बांबू पुढे करावा, दोर फेकावा, ओढणी किंवा धोतर फेकावे, रिकामा बंद डबा फेकावा आणि ओरडून माणसे जमवावीत. दुसरी गोष्ट म्हणजे बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्याच्या खटपटीत मोलाची मिनिटे दवडू नयेत. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत थांबू नये. बारा वर्षांच्या मुलाला हे तासाभरात समजते. घरी जाऊन ते बापाला शिकवते, हा आणखी एक लाभ.

आणि मग रात्र. निवासी शिबिराचा आनंद रात्रीत असतो आणि खरी कसोटीही तिथेच. सूर्यास्तानंतर पाणी बंद; होड्या साखळीने एकत्र बांधलेल्या, वल्ही निराळ्या कुलपात. दोन माणसे पाळीने जागी. झोपताना मोजणी, मध्यरात्री मोजणी, पहाटे चारला मोजणी. प्रथमच घराबाहेर झोपलेले दहा वर्षांचे मूल रात्री उठते, दिशा चुकते आणि उताराकडे चालू लागते. उतार पाण्याकडे असतो. म्हणून तंबू आणि पाणी यांच्या मध्ये कंदील व पहारा हवा. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्यास मण्यार चावल्याची दुखणी खेड्यांत सर्वांना ठाऊक आहेत. तळ शिवलेले बंद तंबू किंवा खाटा हव्यात आणि सर्पदंशावरची लस सर्वांत जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे याची चौकशी शिबिरापूर्वी केलेली हवी. शिबीरचालकांपैकी कोणी त्या तीन रात्री मद्याला स्पर्श केला तर त्याला तेथूनच परत पाठवावे. ही अट काहींना जाचक वाटेल. त्यांनी दुसरा व्यवसाय पाहावा.

एवढे सगळे केल्यावर हिशेब मांडला तर छोटे शिबीर परवडत नाही, हे उघड आहे. वीस मुलांमागे आठ-नऊ माणसे पोसावी लागतात. दोनशे प्रवासी, एक ध्वनिवर्धक आणि चार आचारी एवढ्यावर चालणारा तंबूंचा धंदा फायद्यात जातो. ज्याची ऐपत आहे अशा पालकांसाठी महागडी शिबिरे निघतीलही. परंतु शिक्षकांच्या, कारकुनांच्या आणि काठावरच्या शेतकऱ्यांच्या मुलांचे काय?

येथे पवना धरणाचा इतिहास आठवावा लागतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी हे धरण पुरे झाले. गावे गेली, भातखाचरे गेली आणि अनेक खातेदारांचे पुनर्वसन अर्धशतक रेंगाळले. बंद नळातून पाणी पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर गोळीबार होऊन तीन शेतकरी मारले गेले. ज्या पाण्यासाठी पवन मावळाने एवढे मोजले, त्या पाण्यात त्याच्या मुलांना सुरक्षितपणे पोहायला शिकवण्याचा खर्च पाणी पिणाऱ्या महानगरपालिकेने उचलावा, असे म्हटले तर ते अवाजवी नाही. पालिकेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही इतकी अल्प असेल. जिल्हा परिषदेने शाळा निवडाव्यात, जलसंपदा खात्याने भिंतीपासून दूर अशी एक जागा उन्हाळ्यापुरती द्यावी आणि निम्मी मुले काठावरच्या गावांतली, निम्मी शहरातल्या पालिका शाळांतली असावीत.

प्रशिक्षक स्थानिकच असावेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यात आहे. जीवरक्षकाचे व नौकाचालनाचे शिक्षण तेथे मिळते. लोहगडवाडी, दुधिवरे, पवनानगर येथील दहा-बारा तरुण-तरुणी तेथे पाठवणे अशक्य नाही. या तरुणांना उपजत गती नसेल, असे कोणी म्हणू नये. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यासारख्या अवर्षणप्रवण भागातला, बापाबरोबर विहिरी खोदणारा दत्तू भोकनळ २०१२ साली सैन्यात भरती झाला, तेथे प्रथम वल्हे हाती धरले आणि चार वर्षांत रिओ ऑलिंपिकमध्ये भारताच्या वतीने उतरून तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चार वल्हेकऱ्यांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवले. पाणी नसलेल्या गावातून हे झाले.

मुलींचा प्रश्न मात्र आपोआप सुटणार नाही. विहिरीवर भोपळा बांधून शिकणाऱ्यांतही मुली फार थोड्या असत. आज आई मुलीला तळ्यावर पाठवण्यास कचरते ती केवळ पाण्याच्या भयाने नव्हे. पाण्यात कोणते कपडे घालायचे, शिकवणार कोण, रात्री तंबूजवळ कोण असेल, हे तिचे प्रश्न असतात व ते रास्त आहेत. स्त्री-प्रशिक्षक असल्याशिवाय मुलींचे शिबीर भरवू नये आणि मुलींचे शिबीर भरवल्याशिवाय मुलांचेही अनुदान देऊ नये. पूर्ण बाह्यांचा सदरा व विजार घालूनच पोहण्यास शिकवावे. नाहीतरी माणूस अपघाताने पाण्यात पडतो तो कपड्यांनिशीच. यासाठी तरुणींचे प्रशिक्षण हिवाळ्यातच व्हावे लागेल, होड्या व जॅकेटे मार्चपर्यंत यावी लागतील आणि एप्रिलच्या परीक्षा संपताच पहिली तुकडी काठावर पोहोचली पाहिजे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर पवनेवर मुले नेता येत नाहीत.